शिकून आलेल्याला ते टेबल द्या

पत्र:

'मी उत्तर गोव्यातल्या एका नगरपालिकेत हेडक्लार्क आहे. आमच्याकडे पाच नवे एलडीसी, म्हणजे कनिष्ठ लिपिक, लागले. त्यांतली सर्वांत तरतरीत मुलगी, जिला आम्ही जन्म-मृत्यू नोंदणीच्या प्रशिक्षणाला मुद्दाम पाठवलं होतं, तिची दुसऱ्या खात्यात वरच्या पदावर निवड झाली आणि ती गेली. नगराध्यक्ष चिडले. म्हणाले, "खर्च आमचा, फायदा दुसऱ्याचा. यापुढे कोणाला पाठवायचं नाही." उरलेले चौघे साडेनऊला थंब लावतात, पावणेसहाला थंब लावून जातात. सांगितलं तेवढंच करतात, स्वतःहून फाईल पुढे सरकवत नाहीत. रोजंदारीवरच्या दोघी मात्र जीव तोडून काम करतात, पण त्यांना बाहेर प्रशिक्षणाला पाठवता येत नाही. मुख्याधिकारी रुळतात न रुळतात तोच त्यांची बदली होते. या मुलांना कार्यालयाबद्दल आपलेपणा वाटावा यासाठी मी काय करू? माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत. मागे काही चांगलं ठेवून जावं असं वाटतं.'
– एक हेडक्लार्क

उत्तर:

ताई, नगराध्यक्षांचं ते वाक्य तुमच्या मनाला लागलेलं दिसतं. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते जास्त लागलं असेल. तेव्हा आधी त्याच्याकडेच बघू.

ती मुलगी पालिकेला कंटाळून गेली, असं तुमच्या पत्रात कुठेही नाही. कर्मचारी भरती आयोगाची जाहिरात निघाली की पदवीधर मुलं अर्ज करणारच. कित्येकदा घरचेच अर्ज भरून टाकतात. वरचं पद मिळत असताना तिने पालिकेत राहावं अशी अपेक्षा कोणी करू नये. आणि ती गेली तरी कुठे? तेरा नगरपालिका, पणजी महापालिका आणि १९१ पंचायती असलेल्या आपल्या एवढ्याशा राज्यातच ती आहे. तुमच्याकडे शिकलेली कामाची शिस्त ती तिथे वापरेल, आणि तिच्या टेबलासमोर माणसं उभी राहतील ती आपल्या बारा तालुक्यांतलीच.

नगराध्यक्षांनी काळजी करायची ती न शिकवता ठेवलेल्या कर्मचाऱ्याची. जन्म-मृत्यू नोंदणीचंच घ्या. मूळ कायदा १९६९ चा आहे. त्यात दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, वर्षाच्या आत असेल तर जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण वर्ष उलटून गेलेल्या नोंदीसाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा, तो आता जिल्हादंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी देतात. म्हणजे आपल्याकडे माणसाने जायचं ते उपजिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात. हा बदल काउंटरवरच्या माणसापर्यंत पोचलाच नसेल तर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. डोंगराकडच्या एखाद्या वाड्यावरची बाई मुलीच्या शाळेसाठी दाखला मागायला येते. नोंद झालेली नसते. क्लार्क सांगतो, 'कोर्टातून ऑर्डर आणा.' ती वकील गाठते, दोन दिवसांची मजुरी बुडवते, कोर्टात जाते आणि तिथून तिला परत पाठवतात. क्लार्क उद्धट नसतो, आळशीही नसतो. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. तो अजून तीस वर्षं त्याच कार्यालयात राहणार आहे. नगराध्यक्षांना हे असंच सांगा, भरलेल्या फीचा हिशेब मांडत बसू नका. लोकांतून निवडून आलेल्या माणसाला ही बाई लगेच डोळ्यांपुढे दिसते.

आता तुमचा खरा प्रश्न, आपलेपणाचा.

कॅनडातल्या जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली यावर एक मांडणी केली. नोकरीतल्या बांधिलकीवर बोलताना अभ्यासक आजही तिचा आधार घेतात. माणूस संस्थेत तीन कारणांनी टिकतो, असं ते म्हणतात. एक, त्याला तिथे राहावंसं वाटतं. दोन, सोडलं तर फार गमवावं लागेल म्हणून तो राहतो. तीन, राहणं आपलं कर्तव्य आहे असं त्याला वाटतं. नंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं की चांगलं काम घडतं ते मुख्यतः पहिल्या कारणातून. निव्वळ दुसऱ्या कारणाने टिकलेला माणूस हजर असतो, पण कामात जीव ओततोच असं नाही.

आपल्याकडे सरकारी नोकरीचं सगळं बळ त्या दुसऱ्या कारणात आहे. कायमची ऑर्डर, ठरलेला पगार, घराजवळचं पोस्टिंग, १०, २० आणि ३० वर्षांनी मिळणारी एमएसीपी, म्हणजे बढती न मिळताही होणारी वेतनवाढ. हे सगळं हवंच, त्याला मी नावं ठेवत नाही. पण यातली एकही गोष्ट काम शिकल्याने लवकर मिळत नाही की न शिकल्याने अडत नाही. म्हणून तुमचे चौघे वेळेवर थंब लावतात. पहिल्या कारणाला खतपाणी घालेल असं त्यांच्या दिवसभरात काय घडतं, हे तपासून बघा. आपल्या कामाची इथे कदर आहे आणि अडचणीत वरिष्ठ पाठीशी उभे राहतात, असं ज्याला अनुभवाने पटतं त्याचा जीव कार्यालयात गुंततो. याही बाबतीत अभ्यास एकाच बाजूला बोट दाखवतात.

प्रशिक्षणाचं गाडं अडतं ते इथेच. माझी सगळी नोकरी सरकारी कचेऱ्यांत गेली आणि एक गोष्ट मी सतत पाहत आले. प्रशिक्षणाचं पत्र आलं की मोकळा कोण आहे ते शोधलं जातं. ज्याच्यावाचून कार्यालयाचं अडत नाही तो जातो. ट्रेड लायसन्स बघणारा कामात असतो, म्हणून लायसन्सच्या प्रशिक्षणाला आवक-जावक बघणारी जाते. परत आली की पुन्हा आवक-जावकला. ती जे शिकली ते वापरायला तिच्याकडे ना फाईल, ना लॉगिन. दोन महिन्यांत सगळं विसरते, आणि पुढच्या वेळी तिला पाठवलं की सुट्टी मिळाल्यासारखी जाते. जुने गोवें-एला इथल्या जिपार्डमध्ये, म्हणजे आपल्या लोकप्रशासन आणि ग्रामीण विकास संस्थेत, वर्ग भरतात. केंद्राच्या मिशन कर्मयोगीतून २०२० नंतर आय-गॉट हे ऑनलाइन व्यासपीठही आलं. शिकण्याच्या जागांची फारशी उणीव नाही. उणीव आहे ती परत आल्यावर हातात पडणाऱ्या कामाची.

तेव्हा माझं मुख्य सांगणं हेच, ताई. ज्याला जे काम देणार, त्यालाच त्या प्रशिक्षणाला पाठवा. आणि जो शिकून आला, त्याला ते टेबल द्या. नावं कळवतानाच मुख्याधिकाऱ्यांना टिपणी करा की अमुक कर्मचारी परतल्यावर किमान सहा महिने अमुक काम पाहील, आणि त्याच्या रजेत लिंक, म्हणजे बदली कर्मचारी, म्हणून तमुक बसेल. टिपणीवर सही झाली की साहेब बदलले तरी ती फाईलमध्ये राहते. नवे मुख्याधिकारी आले की पहिल्याच आठवड्यात ती त्यांच्यापुढे ठेवा. बदल्या तुम्हाला रोखता येणार नाहीत, पण कार्यालयाची स्मृती ठेवणं हेडक्लार्कच्या हातात असतं.

ही स्मृती ठेवायची जागाही तुमच्याकडे आहे. ती म्हणजे गार्ड फाईल, महत्त्वाची परिपत्रकं आणि आदेश एकत्र लावून ठेवायची फाईल. बहुतेक कार्यालयांत ती कपाटात वरच्या खणात धूळ खात पडलेली असते. जो प्रशिक्षणाहून येईल त्याने आठवडाभरात आपल्या विषयाची परिपत्रकं, नियमांतले बदल आणि एक नमुना टिपणी त्यात लावायची, आणि एखाद्या दुपारी अर्धा तास बाकीच्यांना समजावून सांगायची. त्या अर्ध्या तासात तुम्ही स्वतः बसा, आणि तुम्हाला जे ठाऊक नसेल ते त्याला विचारा. आपल्याला येणारी गोष्ट हेडक्लार्क मॅडमना आपल्याकडून हवी आहे, हे पंचविशीतल्या मुलाला कळलं की त्याला आपली किंमत कळते. तुमची ती हुशार मुलगी जाण्याआधी असं काही करून गेली असती, तर तिचं शिक्षण पालिकेतच राहिलं असतं. नगराध्यक्षांच्या आक्षेपाला माझ्या मते याहून चांगलं उत्तर नाही.

आता 'स्वतःहून फाईल पुढे सरकवत नाहीत' याबद्दल. यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्याकडे याचं एक कारण आहे आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. आपली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकलेली आहेत, इंग्रजी माध्यम पाचवीपासून. पदवी घेतली, संगणक येतो, परीक्षाही उत्तीर्ण झाले. पण फाईलवर इंग्रजीत टिपणी लिहायची म्हटलं की हात थांबतो. चुकलं तर साहेब सगळ्यांसमोर लाल रेघ मारतील, ही भीती. मग सोपा मार्ग म्हणजे न लिहिणं. अर्जाला 'पुट अप फॉर ऑर्डर्स' एवढंच चिकटवून फाईल वर ढकलायची आणि वरून काही येईपर्यंत गप्प बसायचं. बाहेरून बघणाऱ्याला हा निरुत्साह वाटतो.

तुमच्या चौघांतल्या एखाद्याला आज तोंडी विचारून बघा. एखादी घरपट्टीची किंवा घराच्या हस्तांतरणाची फाईल घ्या आणि मराठीत, साध्या बोलण्यात विचारा, की अर्जदाराला काय हवं आहे, नियम काय म्हणतो, कागद कोणता कमी आहे, आपण काय करावं? माझा अंदाज आहे की तो चारही उत्तरं नीट देईल. तसं झालं तर त्याला म्हणा, हेच चार मुद्दे लिही. आधी मराठीत लिहिलंस तरी चालेल, मग आपण इंग्रजी करू. राजभाषा कायद्याने १९८७ सालीच देवनागरी कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीलाही शासकीय वापराची मुभा दिली. प्रत्यक्षात फाईल इंग्रजीतच चालते, तो वाद इथे नको. पण विचार आपल्या भाषेत करून घेतला तर इंग्रजी टिपणी सहा ओळींत होते. पाच-सहा नमुन्यांत हात बसतो. हे शिकवायला बाहेरच्या तज्ज्ञाची गरज नाही, आणि याने जेवढा आत्मविश्वास येतो तेवढा दोन दिवसांच्या कार्यशाळेने येत नाही.

एक प्रसंग सांगते, कार्यालयाचं नाव नको. गणेश चवथीच्या आधीचे दिवस, माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचा, बाजार भरायचा होता आणि जागांसाठी काउंटरवर ही गर्दी. एक विक्रेता ओळखीच्या जोरावर ठरल्यापेक्षा मोठी जागा मागत होता, सोपो, म्हणजे बाजारातल्या जागेचा कर, मात्र नेहमीचाच देणार. नवीन लागलेली मुलगी त्याला सांगत होती की यादी लागली आहे, जागा आखून झाल्या आहेत. त्याने आवाज चढवला, मोबाईल काढला, कोणाला तरी फोन लावला आणि तिच्यापुढे धरला, 'बोल, बोल यांच्याशी.' तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून तिथले हेडक्लार्क आले. त्यांनी तो फोन स्वतःच्या हातात घेतला आणि शांतपणे म्हणाले, 'सायबा, तिने सांगितलं ते बरोबर आहे. यादीबाहेर जागा देता येणार नाही. काही असेल तर माझ्याशी बोला.' फोन परत दिला आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून ते पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसून राहिले. मध्ये बोलले नाहीत, पावत्याही तिलाच फाडू दिल्या. पुढे ती मुलगी बाजार विभागाचा आधार झाली.

प्रशिक्षणात नियम शिकवायचा आणि दुसऱ्या दिवशी एका फोनवर तो मोडायला लावायचा, असं जिथे चालतं तिथे मुलं फार लवकर शहाणी होतात. नियम शिकून उपयोग नाही, माणसं ओळखून ठेवावीत, हा धडा घेतात. नगरसेवकांचे फोन बंद होणार नाहीत. लोकांची कामं घेऊन येणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे, आणि पुष्कळदा ते रास्त गोष्टच सांगत असतात. फक्त असा फोन एलडीसीपर्यंत जाऊ नये, तो तुम्ही घ्यावा. तुमच्या वयाला आणि खुर्चीला जो मान आहे, तो खर्च करायची हीच जागा.

आणखी एक. तुमच्याकडची जी हुशार मुलं, त्यांच्यावरच सगळं पडतं. माहिती अधिकाराचं उत्तर त्यानेच करायचं, विधानसभेच्या प्रश्नाची माहिती त्यानेच, बैठकीचा इतिवृत्तांत त्यानेच, आणि शेजारचा मात्र रिकामा. माहिती अधिकारात ३० दिवसांची मुदत आणि चुकलं तर दिवसाला २५० रुपये, २५,००० पर्यंत दंड. या धाकाने आपण काम त्यालाच देतो ज्याच्यावर भरवसा आहे. पण चांगलं काम केल्याचं फळ म्हणजे आणखी काम, असा हिशेब झाला की दोन वर्षांत तोही बाकीच्यांसारखा होतो. माहिती अधिकाराची उत्तरं चौघांत वाटा. कच्चा मसुदा त्यांनी करायचा, सही माहिती अधिकाऱ्यांची, मधली तपासणी तुमची. सुरुवातीला तुमचा वेळ जास्त जाईल, तो जाऊ द्या.

रोजंदारीवरच्या त्या दोघींबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतं आहे. त्या जीव तोडून काम करतात ते पुष्कळदा कायम होण्याच्या आशेने. त्यांना तसं सुचवणारा एक शब्दही तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालापासून मागच्या दाराने भरती झालेल्यांना कायम करण्यावर मोठी मर्यादा आली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की या निकालाची ढाल करून वर्षानुवर्षं नियमित काम करणाऱ्यांना वाऱ्यावर सोडता येणार नाही. त्यांच्या बाबतीत काय होईल ते कायदा आणि सरकार ठरवेल. तुम्ही त्यांना जे देऊ शकता ते खात्रीचं द्या. त्या जे काम करतात त्याची लेखी नोंद, हजेरीचा चोख हिशेब, वेळेवर गेलेलं पगाराचं बिल. तुमच्या अर्ध्या तासाच्या वर्गात त्यांना बसवा, त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. आणि अर्ज करायचं वय आहे तोवर त्यांना आयोगाच्या परीक्षेला बसायला सांगा, अभ्यासाला रजा द्या. त्या निघून गेल्या तर तुमची अडचण होईल हे मला कळतं. तरीही सांगा. ज्यांना आपण स्थैर्य देऊ शकत नाही त्यांच्याकडे निष्ठा मागायचा आपल्याला अधिकार नाही.

पत्रात तुम्ही सफाई कामगारांचा उल्लेख केला नाही. पालिकेत कर्मचाऱ्यांच्या विकासाची चर्चा निघाली की हे नेहमीच होतं. खुर्चीवर बसणाऱ्यांपुरतीच ती चालते. ओला-सुका कचरा कोणत्या घरात वेगळा होतो, कुठलं गटार दर पावसात तुंबतं, हॉटेलांचा कचरा रात्री कुठे टाकतात, हे तुमच्या आरोग्य निरीक्षकाच्याही आधी त्यांना ठाऊक असतं. मेच्या सुरुवातीला, गटार सफाईची कामं निघण्याआधी, त्यांना एकदा कार्यालयात बोलवा, खुर्च्या द्या आणि प्रभागवार विचारा. एका एलडीसीला ते लिहून घ्यायला बसवा. त्या एलडीसीला आपलं शहर कळेल, आणि कामगारांना कळेल की त्यांची माहिती फाईलवर जाते.

हे सगळं एकदम करू नका. पहिल्या महिन्यात फक्त दोन गोष्टी करा. जन्म-मृत्यूचं टेबल आज कोणाकडे आहे ते बघा आणि येत्या प्रशिक्षणाला नाव त्याचंच जाऊ द्या. नगराध्यक्षांची मनाई तोंडीच असेल, तर टिपणी मुख्याधिकाऱ्यांमार्फत पाठवा आणि त्यात लिहा की २०२३ च्या दुरुस्तीमुळे हे प्रशिक्षण आवश्यक आहे, परतल्यावर कर्मचारी सहा महिने याच टेबलावर राहील, गार्ड फाईल अद्ययावत करेल आणि दुसऱ्या एकाला तयार करेल. दुसरं म्हणजे त्या चौघांपैकी सर्वांत गप्प असतो त्याला उद्या एक फाईल घेऊन तुमच्या टेबलाशी बसवा आणि त्याच्याकडून ती टिपणी पूर्ण करून घ्या. चूक असेल तिथे पेन्सिलीने खूण करा, लाल शाई नको. दुरुस्त झाली की त्याच्याच सहीने वर जाऊ द्या.